आर्ट इन्स्टिट्यूटजवळ हॉटेल घ्यायचंय? आधी वार बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साताऱ्याहून आई-बाबा आलेत, बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे म्हणून त्यांना शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट दाखवायचंय, आईचे गुडघे दुखतात, सोबत तुम्ही दोघं आणि आठ वर्षांची मुलगी, इंडियानापोलिसहून गाडीने येणार. सोमवार ५ ऑक्टोबरला संध्याकाळी पोचायचं आणि गुरुवार ८ ला सकाळी निघायचं. बजेट रूमला रात्रीचे अडीचशे डॉलर. आणि विचारताय की म्युझियमच्या जवळचं महागडं घ्यावं की विमानतळाकडे रोझमाँटला एकशेतीसला मिळतंय ते घेऊन ट्रेनने यावं.

हॉटेलचं नंतर बघू. आर्ट इन्स्टिट्यूट मंगळवारी आणि बुधवारी बंद असतं. सोमवारी पाचला बंद होतं, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा दार लागलेलं, आणि गुरुवारी अकराला उघडतं तेव्हा तुम्ही परतीच्या हायवेवर. या प्लॅनमध्ये तुम्ही म्युझियमच्या शेजारी तीन रात्री झोपाल आणि बाबांना फक्त बाहेरचे दोन ब्राँझचे सिंह दिसतील. सिंह छान आहेत, एडवर्ड केमीसने केलेले, १८९४ पासून तिथेच आहेत, पण त्यासाठी कोणी तीन रात्रींचं भाडं भरत नाही ना.

मी लूपमधल्या, म्हणजे शिकागोच्या मध्यवर्ती भागातल्या, एका मोठ्या हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर बरीच वर्षं होते, आता इथल्या आणि भारतातून येणाऱ्या मराठी कुटुंबांची बुकिंग करून देते, आणि तुम्हाला सांगते हा वारांचा घोळ सगळ्यात जास्त होतो, कारण आपल्या डोक्यात म्युझियम सोमवारी बंद असं बसलेलं असतं आणि लोक नेमका सोमवार टाळून मंगळवार धरतात. वेळा मधूनमधून बदलतात म्हणून पैसे भरायच्या आधी त्यांच्या साइटवर त्या आठवड्याच्या वेळा एकदा बघाच. सध्याचा हिशोब म्हणजे गुरुवारी अकरा ते आठ, आणि शुक्रवार ते सोमवार अकरा ते पाच.

मग तुम्ही म्हणाल ठीक आहे, तोच आठवडा पुढे सरकवू, गुरुवार ८ ते रविवार ११. तेही नको. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी शिकागो मॅरेथॉन असते, ती ग्रँट पार्कातूनच सुटते आणि तिथेच संपते, म्हणजे म्युझियमच्या मागच्या अंगणातच म्हणा. जगभरातून धावणारे येतात, सोबत त्यांची घरची माणसं, लूपमधली हॉटेलं महिनोन्‌महिने आधी भरतात, रेट कुठच्या कुठे जातात, आणि रविवारी सकाळी रस्ते बंद असल्यामुळे गाडी गॅरेजातून बाहेर काढता येईल की नाही हाच प्रश्न. त्यामुळे एक तर आधीचा गुरुवार, १ ते ३ किंवा ४, नाही तर पुढचा, १५ ते १८. मी पुढचा घेईन. एक तर हातात थोडा जास्त वेळ राहतो, दुसरं म्हणजे तेव्हा झाडांना रंग चढायला लागलेला असतो. पण गार असतं हो, तळ्यावरून वारा येतो, आईंना कानटोपी आणि जाड जॅकेट हवंच.

तारखेचं एवढं लांबवलं कारण शिकागोत हॉटेलचा रेट जागेपेक्षा तारखेवर जास्त हलतो. हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. दक्षिणेला मॅककॉर्मिक प्लेस नावाचं प्रचंड मोठं कन्व्हेन्शन सेंटर आहे, तिथे मोठी परिषद असली की अख्ख्या डाउनटाउनचे रेट दुप्पट होतात, मग तुम्ही म्युझियमपासून दोन ब्लॉकवर असा नाही तर वीस. थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी रेडिओलॉजिस्टांची परिषद सुरू होते, तो आठवडा तर विचारूच नका. जुलैअखेर-ऑगस्टच्या सुरुवातीला ग्रँट पार्कातच लोलापलूझा हा संगीत महोत्सव असतो, चार दिवस. त्यामुळे एखादी तारीख उगाच महाग दिसली तर हॉटेल बदलत बसू नका, आधी एक आठवडा पुढेमागे करून बघा. आणि जमलं तर रविवारची रात्र धरा, बिझनेसवाले आलेले नसतात आणि वीकेंडवाले निघून गेलेले असतात, त्यामुळे बहुतेक वेळा ती सगळ्यात स्वस्त पडते. तुमच्या मुलीची सोमवारी शाळा असेल म्हणून तुम्हाला ते जमायचं नाही, पण दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

आता जवळ की लांब. तुम्ही हा प्रश्न पैशाचा समजताय, पण खरं तर तो आईंच्या गुडघ्यांचा आहे. हे म्युझियम अवाढव्य आहे, अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कला-म्युझियमांपैकी एक, आणि त्याच्या मधून चक्क रेल्वेचे रूळ जातात, म्हणजे मिशिगन अव्हेन्यूची जुनी इमारत एका बाजूला, रेन्झो पियानोने बांधलेली २००९ ची मॉडर्न विंग दुसऱ्या बाजूला. मधला रुळांवरचा पुलासारखा भाग ओलांडूनच इकडून तिकडे जायचं. धडधाकट माणूससुद्धा तीन तासांनी बाकडं शोधायला लागतो. आणि बाबा चित्रकला शिक्षक आहेत म्हणजे ते सोराच्या 'ग्रांद जात' या चित्रासमोर अर्धा तास उभे राहणार, कारण सगळा जन्म मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी रंगसंगती शिकवलेली आणि इथे ठिपक्यांतून रंग कसा उभा राहतो ते साधारण दोन बाय तीन मीटरच्या कॅनव्हासवर समोर दिसतंय. आई तोवर काय करणार? आणि मुलगी?

म्हणून मी ज्येष्ठांना घेऊन येणाऱ्यांना कायम एकच सांगते, जवळचं हॉटेल सकाळी लवकर पोचण्यासाठी घ्यायचंच नाही, ते दुपारी परत येण्यासाठी घ्यायचं. दीड-दोन तास बघायचं, रूमवर यायचं, पाय वर करून तासभर पडायचं, चहा प्यायचा, आणि संध्याकाळी ज्यांना जायचंय त्यांनी परत जायचं. तिकीट दिवसभराचं असतं, ते जपून ठेवलं की त्याच दिवशी पुन्हा आत जाता येतं. आणि गुरुवारी आठपर्यंत उघडं असतं म्हणून हा खेळ गुरुवारी सगळ्यात छान जमतो. संध्याकाळी सहानंतर शाळेच्या सहलीही गेलेल्या असतात, त्या वेळी बाबांना एकट्याला सोडा आत, फोन चालू ठेवायला सांगा म्हणजे झालं.

रोझमाँटला राहिलात तर हे होत नाही. रोझमाँटहून ब्लू लाइन थेट येते, चाळीसेक मिनिटं लागतात, गाडी रात्रंदिवस चालते, त्यात काही वाईट नाही. तुम्ही दोघंच असतात, किंवा कॉलेजची मुलं असती, तर मी म्हटलं असतं डोळे झाकून घ्या, वाचलेल्या पैशात जेवा. पण इथे एकदा सकाळी निघालं की संध्याकाळीच परत, मधे आडवं व्हायला जागा नाही, आणि आई तुम्हाला काही बोलायच्या नाहीत, 'माझं काय, मी बसते इथे' म्हणतील आणि थंड दगडी बाकावर दोन तास काढतील. ते टाळायला रात्रीचे शंभर डॉलर जास्त गेले तर मला ते वायफळ वाटत नाहीत. शिवाय ट्रेनने यायचं तर कुठल्या स्टेशनला लिफ्ट आहे ते बघावं लागतं. म्युझियमच्या सगळ्यात जवळचं एलचं, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनचं, स्टेशन ॲडम्स/वॉबॅश, एक ब्लॉकवर, पण ते वर खांबांवर आहे आणि तिथे लिफ्ट नाही, नुसते जिने. लिफ्ट हवी तर वॉशिंग्टन/वॉबॅशला उतरायचं, ब्लू लाइनवर जॅक्सनला. नकाशावर हे कळत नाही, तिथे फक्त 'चार मिनिटं चालत' एवढंच दिसतं.

तर जवळचं घ्यायचं. पण जवळ म्हणजे कुठल्या दारापासून? म्युझियमला दोन दारं आहेत. सिंहांचं दार मिशिगन अव्हेन्यूवर, बाहेर दगडी पायऱ्या. दुसरं मॉडर्न विंगचं, मन्रो स्ट्रीटवर, एकदम रस्त्याच्या लेव्हलला, पायरी नाही, गाडीतून समोर उतरता येतं. आईंना घेऊन मन्रोच्या दाराने जा, आत व्हीलचेअर फुकट मिळते, पहिल्याच दिवशी घ्या. 'मी काही एवढी म्हातारी नाही' हे होणारच, तेव्हा व्हीलचेअर नातीला ढकलायला द्या, मग बसतात, हा माझा अनुभव आहे. फक्त एक, बाबांना जे बघायचंय ते म्हणजे सोरा, मोने, व्हॅन गॉगची बेडरूम, काइबोतचा पावसातला पॅरिसचा रस्ता, हे सगळं जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे, मन्रोच्या दाराने शिरलात तर तिथपर्यंत बरंच आत चालावं लागतं. वाटेत त्या रुळांवरच्या भागात भारतीय आणि आग्नेय आशियाई शिल्पांचं दालन लागतं, तिथे थांबायला हरकत नाही, आईंना ते बहुतेक सगळ्यात आवडेल.

आता हॉटेलांची नावं घेते, पण आधीच सांगते की रेट रोज बदलतात, मी इथे लिहिलेलं तुमच्या तारखेला लागू होईलच असं नाही, आणि पाच माणसं असल्यामुळे तुमचा हिशोब जरा वेगळा आहे.

जागेच्या दृष्टीने पामर हाउसला तोड नाही. ते मन्रो स्ट्रीटवरच आहे, स्टेट आणि वॉबॅशच्या मधे, म्हणजे दारातून बाहेर पडायचं, पूर्वेकडे वळायचं आणि नाकासमोर चालत राहायचं, वॉबॅश ओलांडा, मिशिगन ओलांडा, की मॉडर्न विंगचं दार. तुमची सात-आठ मिनिटं, आईंची पंधरा धरा. आणि बाबांसाठी त्यात एक मजा आहे. मूळ पामर हाउस १८७१ च्या सप्टेंबरात उघडलं आणि तेरा दिवसांनी शिकागोच्या मोठ्या आगीत जळून गेलं, मग पॉटर पामरने परत बांधलं, आत्ताची इमारत १९२० च्या दशकातली. या पामरची बायको बर्था, तिने १८९० च्या दशकात मोने, रेनवार वगैरेंची चित्रं घेतली, जेव्हा अमेरिकेत त्यांना फारसं कोणी विचारत नव्हतं, आणि त्यातली बरीच पुढे आर्ट इन्स्टिट्यूटला मिळाली. मोनेच्या गव्हाच्या गंजी जिथे ओळीने लावल्यात तिथे खालच्या पाट्या वाचा, पामर नाव दिसेल. लॉबीचं छतसुद्धा बघण्यासारखं आहे, ग्रीक पुराणातली चित्रं आहेत वर, आणि ते बघायला तिथे राहायला लागत नाही, कोणीही जाऊन बसू शकतं.

पण डोळे उघडे ठेवून घ्या. हॉटेल प्रचंड आहे, दीड हजाराच्या वर खोल्या, चेक-इनला रांग लागते, आणि जुन्या इमारतीत दोन खोल्या एकसारख्या नसतात, एक प्रशस्त तर शेजारची कोंबून बसवलेली. एक बाजू वॉबॅशवर आहे आणि वॉबॅशवरून एल जाते, डोक्यावरून, रात्री उशिरापर्यंत खडखडत. ही गोष्ट फक्त पामर हाउसची नाही, वॉबॅशवरच्या सगळ्याच हॉटेलांची आहे. बुकिंग झाल्यावर फोन करून सांगा, वॉबॅशची बाजू नको, वरचा मजला द्या. काहीजणांना रूळ दिसणारी रूम आवडते, लहान मुलांना तर फारच, पण ती दुपारी, रात्री दोनला नाही.

पाच माणसांचा प्रश्न इथे येतो. अमेरिकेत बहुतेक साध्या रूमला चार माणसांची मर्यादा असते, आणि ती आगीच्या नियमांमुळे असते, 'मुलगी लहान आहे, सामावून घेऊ' हे डेस्कवर चालत नाही. मी त्या बाजूला उभी राहिलेली आहे म्हणून सांगते, डेस्कवरच्या मुलीशी वाद घालून काही होत नाही, तिच्या हातात ते नसतंच. पामर हाउसला आणि खाली दक्षिणेकडे हिल्टन शिकागोला काही रूम अशा आहेत की दोन बेड आणि दोन बाथरूम, चार जणांच्या कुटुंबाला सोन्याहून पिवळं, सकाळी आंघोळीची रांग नाही. पण तुम्ही पाच. म्हणजे एक तर दोन रूम, नाही तर किचन असलेला स्वीट ज्यात सोफाबेड निघतो.

दोन रूम घेणार असाल तर कनेक्टिंग मागा, मधे दार असलेल्या. नुसत्या शेजारशेजारच्या दिल्या तर रात्री आईंना काही लागलं तर कॉरिडॉरमधून जावं लागतं. आणि हे ऑनलाइन फॉर्ममध्ये टाकून निवांत बसू नका, तिथे ती फक्त विनंती असते, थेट हॉटेलला फोन करा, शक्यतो येण्याच्या दोन-तीन दिवस आधी परत एकदा, कारण खोल्यांचं वाटप साधारण तेव्हाच होतं. तिसऱ्याच साइटवरून घेतलेलं बुकिंग असेल तर वाटपात तुम्ही शेवटी असता, हे कोणी कबूल करणार नाही पण असंच चालतं. दहा-पंधरा डॉलर वाचवण्यासाठी हे करू नका, निदान आई-बाबा बरोबर असताना तरी, थेट हॉटेलच्या साइटवरून घ्या, आणि रद्द करता येईल असा रेट घ्या. म्हातारी माणसं, लहान मूल, कोणाला ताप आला की सगळंच बदलतं.

बजेट बघता मला तुमच्यासाठी किचनवालं जास्त पटतंय. लासाल स्ट्रीटवर रेसिडेन्स इन आहे, एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत, म्युझियमपासून चार-पाच ब्लॉक पश्चिमेला, तुमच्या पायाने दहा-बारा मिनिटं. तिथे रूममध्ये फ्रिज, स्टोव्ह, भांडी असतात आणि नाश्ता रेटमध्येच. एका स्वीटमध्ये पाच जण मावतात का हे त्यांना फोन करून विचारा, स्वीटचे प्रकार वेगवेगळे असतात. आईंना चालत जायला हे लांब आहे, ते मान्य, पण टॅक्सीने पाच मिनिटांत मन्रोच्या दारात सोडता येतं, आणि दोन रूमचे पैसे वाचले तर रोजची टॅक्सी त्यातच निघते. आमच्या लोकांचा टॅक्सीवर फार राग असतो, हॉटेलवर तीनशे घालतील पण टॅक्सीवर दहा नाही.

आणि किचनचं म्हणाल तर पामर हाउससारख्या जुन्या मोठ्या हॉटेलात बहुतेक ठिकाणी रूममध्ये मायक्रोवेव्ह नसतो, नाश्ता वेगळा आणि महाग, पाच जणांचा दोन-तीन दिवसांचा हिशोब करा म्हणजे कळेल. चहाचं तर दुखणंच आहे. रूममध्ये कॉफी मशीन असतं, त्यात नुसतं पाणी गरम केलं तरी त्याला कॉफीचा वास येतो. साताऱ्याहून आणलेली किटली इथे लावू नका, ती २२० व्होल्टची, इथे १२० वर फारच हळू तापते. तुमच्या इंडियानापोलिसच्या घरातली घेऊन या. दूध, ब्रेड, फळं यासाठी स्टेट आणि मॅडिसनच्या कोपऱ्यावर टार्गेट हे दुकान आहे, ते वास्तुरचनाकार लुई सलिव्हनच्या इमारतीत आहे, दारावरचं बिडाचं नक्षीकाम बघायला बाबांना बरोबर न्या, दूध आणायच्या निमित्ताने एक कलाकृती बघून होईल. भारतीय जेवणासाठी डेव्हन अव्हेन्यूला जायचा बेत असेल तर ते बरंच लांब आहे, उत्तरेला, त्यासाठी परतीच्या दिवशी गाडी काढलेली असताना जा. लूपमध्ये जेवायचं तर आधी बघून ठेवा, ऑफिसं सुटली की इथली बरीच छोटी खाण्याची दुकानं बंद होतात, वीकेंडला तर काही रस्ते रविवारच्या फोर्टसारखे ओस असतात. घाबरण्यासारखं काही नाही, पण रात्री नऊला पाच जणांना भूक लागली तर पंचाईत.

अजून दोन नावं. हॅम्पटन इन, ईस्ट वॅकर प्लेसवरचं, १९२० च्या दशकाअखेरच्या मोटर क्लबच्या इमारतीत, लॉबीत भिंतभर अमेरिकेचा नकाशा रंगवलाय, मुलगी खूश होईल, नाश्ता फुकट, म्युझियम पाऊण-एक किलोमीटर. खोल्या मात्र लहान. आणि पैसे हात सोडून खर्च करायचे असतील तर मिशिगन अव्हेन्यूवर शिकागो ॲथलेटिक असोसिएशन, १८९३ ची इमारत, समोर मिलेनियम पार्क, तुमच्या बजेटच्या बाहेर, पण गच्चीवर जाऊन एक कॉफी पिऊन या.

आईंसाठी एक गोष्ट विचारायची कोणाला सुचत नाही, ती म्हणजे बाथरूम. जुन्या हॉटेलात बाथटब असतो, त्याची कड गुडघ्याएवढी उंच, त्यावरून पाय टाकून आत जायचं, ओल्या पायांनी बाहेर यायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला म्युझियमपेक्षा हे जास्त जड जातं. बुकिंग करताना वॉक-इन शॉवर असलेली रूम मागा, नसेल तर ॲक्सेसिबल रूम मिळते का विचारा, तिथे धरायला दांडे असतात, आणि शॉवरमधलं स्टूलही मागून ठेवा, मोठ्या हॉटेलांत बहुतेक असतं. आणि टॉयलेटमध्ये जेट नसतो, एक मग घेऊन या, एवढंच सांगते.

गाडीचं. हॉटेलचं व्हॅले पार्किंग, म्हणजे त्यांचा माणूस गाडी नेऊन लावतो ते, रात्रीला साठ-सत्तर डॉलरच्या घरात जातं, कधी त्याहून जास्त, त्यामुळे 'अडीचशेची रूम' आधीच सव्वातीनशेची झाली. वर टॅक्स, शिकागोत हॉटेलवरचा टॅक्स सतरा टक्क्यांच्या वर आहे, तो दाखवलेल्या रेटमध्ये बहुतेक वेळा धरलेला नसतो. 'डेस्टिनेशन फी' किंवा तत्सम नावाने हॉटेल जे जादा पैसे घेतं ते मे २०२५ पासून जाहिरातीतल्या किमतीतच दाखवावं लागतं, पूर्वी ते शेवटच्या पानावर उगवायचं, आता तेवढा त्रास कमी झालाय. पार्किंगसाठी ग्रँट पार्क आणि मिलेनियम पार्कच्या खालची गॅरेजं बघा, ॲपवर आधी घेतलं तर व्हॅलेच्या निम्म्यात किंवा त्याहून कमीत मिळतं. फक्त एकदा गाडी बाहेर काढली की परत आत घेता येईलच असं नाही, ते बुकिंगमध्ये नीट वाचा. तुम्हाला मधे गाडी लागणारच नाही म्हणा. आधी सगळ्यांना आणि सामानाला हॉटेलच्या दारात उतरवा, मग तुमच्यापैकी एकाने गाडी लावून यायचं.

आणि क्रेडिट कार्ड द्या चेक-इनला, डेबिट किंवा बाबांचं फॉरेक्स कार्ड नको. हॉटेल काही रक्कम अडकवून ठेवतं आणि डेबिट कार्डावर ती सुटायला चांगले काही दिवस जातात, तेवढे दिवस तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत.

तर माझ्या मते असं करा. गुरुवार १५ ला सकाळी आठला निघा, साडेतीन तास धरा, वाटेत घड्याळ एक तास मागे जातं त्यामुळे इथल्या साडेदहा-अकराला पोचाल. रूम तीन-चारशिवाय मिळत नाही, पण सामान बेल डेस्कवर ठेवून घेतात, त्याला पैसे नाहीत, दोन-तीन डॉलर टिप द्या. मोठ्या बॅगा घेऊन म्युझियममध्ये जाऊ नका, आत नेऊ देत नाहीत. दुपारी बारा ते दोन सगळे मिळून, आईंसाठी व्हीलचेअर, भारतीय शिल्पं, मुलीसाठी तळघरातल्या थॉर्नच्या बाहुलीघरासारख्या चिमुकल्या खोल्या, अडुसष्ट आहेत, ती तिथून हलणार नाही. मग जेवण, आणि रूम मिळाली की चहा, झोप. संध्याकाळी बाबा आणि तुमच्यापैकी एक जण परत, आठपर्यंत. शुक्रवारी ज्याला जे राहिलं ते. चौदा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. मोठ्यांची दोन दिवसांची तिकिटं काढण्याआधी मेंबरशिपचा हिशोब करून बघा, चार जणांचा दोन वेळचा खर्च धरला तर बऱ्याचदा ती परवडते, आणि मेंबरांना सकाळी दहा ते अकरा आधी आत सोडतात, तो तास 'नाइटहॉक्स' आणि 'अमेरिकन गॉथिक' या चित्रांसमोर गर्दीशिवाय उभं राहायला मिळतो.

शनिवारी सकाळी दोन ब्लॉकवरच्या कल्चरल सेंटरला जा, प्रवेश फुकट, टिफनीच्या काचेचा घुमट आहे, आणि तिथे बसायला खुर्च्या आहेत.

विवेकानंदांबद्दल विचारलंय तेही सांगते, कारण आमच्याकडचे सगळेच विचारतात. १८९३ च्या सप्टेंबरातली धर्मपरिषद आर्ट इन्स्टिट्यूटच्या जुन्या इमारतीत झाली, ती तेव्हा नुकतीच बांधून झाली होती. पण भाषण झालं तो हॉल तात्पुरता उभारलेला होता, आता तो नाही. फुलर्टन हॉल दाखवतात काहीजण, तो नंतरचा आहे, १८९८ चा. २०१० मध्ये मुंबईच्या जितिश कलाटने याच म्युझियमच्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर ते भाषण दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं. तो जिना बघायचा म्हणून आईंना चढायला लावू नका, बाजूला लिफ्ट आहे. बाहेर मिशिगन अव्हेन्यूच्या त्या तुकड्याला विवेकानंदांचं मानाचं नाव दिलंय, पाटी बघा, फोटो तिथे काढा.

आता तारखा पक्क्या झाल्या की लासालचं आणि पामर हाउसचं दोन्हींचं, पार्किंग आणि टॅक्स धरून, पाच जणांसाठी तीन रात्रींचं एकूण काढा आणि इथे टाका, मग कुठलं घ्यायचं ते आकडे बघून सांगते. आईंना पायऱ्या किती चढता येतात तेही लिहा.